गावभागातील वाड्याचे कलाकेंद्र : वापरातून झालेले जतन

सांगलीच्या गावभागात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत जुन्या सावकारी घराण्याचा दोन चौकी वाडा आहे आणि गेली काही वर्षे त्यात परिसरातील मुलांसाठी, हौशी नटांसाठी आणि गाणे शिकणाऱ्यांसाठी कलाकेंद्र चालते. वाड्याची मालकी अजून घराण्याकडेच असून एका नोंदणीकृत न्यासाने तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतला आहे. देवघर आणि त्यामागची खोली घराण्याने स्वतःकडे राखली आहे. नाव छापू नये अशी घराण्याची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही, पण गावभागात कोणत्याही किराणा दुकानात ‘तानपुरे वाजतात तो वाडा’ एवढे विचारले तरी वाट सापडते. माझी मुलगी तेथे गाणे शिकते आणि मी स्वतः नाट्यवाचनांना नियमित जातो, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या पाहुण्याचे नसून वाडा वर्षभर वापरणाऱ्या माणसाचे आहे.

आधी निकाल सांगतो. गायन, वाद्य आणि नाटक यांसाठी सांगली-मिरज परिसरात यापेक्षा चांगली लहान जागा मला माहीत नाही. चित्रकलेसाठी मात्र ही जागा योग्य नाही आणि न्यासाने तो वर्ग अन्यत्र हलवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाड्याच्या दुरुस्तीचे काम अत्यंत जाणतेपणाने झालेले आहे. त्यात दोन-तीन ठिकाणी खटकण्यासारखे आहे, ते पुढे येईलच.

गावभागात कोणतेही जतन म्हटले की पहिला प्रश्न पुराचा असतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी या भागात शिरले. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या पुराची खूण वाड्याच्या ओसरीतील एका खांबावर बारीक पितळी पट्टी ठोकून जपली आहे. मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरची ती पट्टी मुले रोज पाहतात. तिच्याखालचा आणि वरचा वाडा हे जणू दोन वेगळे वाडे आहेत असे मानून दुरुस्तीचा सगळा विचार झालेला आहे, आणि मला या कामातले सर्वांत मोठे शहाणपण यातच दिसते.

जुन्या वाड्यांची बांधणी मुळात या विचाराला सोयीची असते. जोते घडीव काळ्या दगडाचे, त्यावर काही उंचीपर्यंत चुन्यात बांधलेली पक्की वीट आणि वरच्या मजल्याला पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटांच्या, जाड भिंती, अशी या वाड्याचीही रचना आहे. दगड आणि चुना पाण्यात उभे राहतात. भेंडे भिजले की बसतात. २०१९ मध्ये पाणी भेंड्यांच्या थरापर्यंत पोहोचले नाही म्हणून वाडा उभा राहिला. नुकसान झाले ते तळमजल्यावर, आणि त्यालाही पुरापेक्षा आधीची एक दुरुस्ती अधिक कारणीभूत होती. २००५ च्या पुरानंतर कोणा ठेकेदाराकडून तळमजल्याच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला गेला होता. त्या काळी सगळेच तसे करीत होते. चुन्याची भिंत ओल शोषते आणि ऊन पडले की ती बाहेर टाकते; सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, वर चढत जाते, भिंतीला लोणा लागतो आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. पुढचा पूर आला तेव्हा भिंती आधीच आतून पोकळ झालेल्या होत्या.

न्यासाने पहिले काम केले ते हा सिमेंटचा थर छिन्नीने काढून भिंती उघड्या ठेवण्याचे. त्या पुरत्या वाळेपर्यंत वर्ग सुरू करण्याची घाई कोणी केली नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन, कारण देणगीदारांना उद्घाटनाची तारीख हवी असताना उघड्या भिंती वाळत ठेवायला मोठा धीर लागतो. नंतर कळीचा चुना भिजवून, मुरवून, वाळू आणि सुर्खीसह, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीसह, घाणीत मळून नवा गिलावा करण्यात आला. मळताना त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालण्याची जुनी रीतही पाळली गेली. चुन्याच्या गिलाव्याला दिवसच्या दिवस ओले गोणपाट लावून ठेवावे लागते. घाई केली की त्याला बारीक तडे जातात. माजघराच्या दाराजवळ हाताच्या दोन वितींएवढा चौकोन मुद्दाम गिलाव्याविना सोडला आहे आणि त्यावर काच बसवली आहे. त्यात जुनी चपटी वीट, मूळ चुना, मधल्या काळातला सिमेंटचा एक उरलेला तुकडा आणि नवा चुना असे सगळे थर एका नजरेत दिसतात. त्या तुकड्याखालची वीट बोट लावले तर भुगा होईल इतकी खचली आहे आणि हातभर अंतरावरची चुन्यातली वीट मात्र ठणठणीत आहे. गावभागात घर दुरुस्त करू पाहणाऱ्या प्रत्येकाने गवंड्याला सोबत नेऊन हा चौकोन दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लाकडाचे कामही तितकेच चांगले झाले आहे. चौकाभोवतीचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत आणि पुराच्या पाण्यात त्यांचे बूड कुजले होते. पूर्ण खांब बदलणे सोपे पडले असते आणि काहींनी तसा सल्लाही दिला होता असे ऐकले. प्रत्यक्षात वरच्या तुळयांना टेकू देऊन प्रत्येक खांबाचा फक्त कुजलेला भाग कापण्यात आला आणि तेथे जुन्याच सागाचा तुकडा तिरका सांधा करून लाकडी खुंट्यांनी बसवला गेला. सांधा लपवलेला नाही. नव्या-जुन्या लाकडाच्या रंगातला फरक दिसतो आणि तो दिसावाच, कारण पुढच्या सुताराला कोणता भाग कधीचा हे कळायला हवे. उलट दिवाणखान्यातल्या कोरीव खांबांना जे चकचकीत व्हर्निश फासले आहे ते मला अजिबात पटत नाही. जवसाच्या तेलाचा हात पुरेसा होता; त्या झगझगाटात केळफुलाच्या कोरीव कामाची सावलीच हरवली आहे. सणासुदीला दिंडी दरवाजावर सोडलेल्या रंगीबेरंगी दिव्यांच्या माळांबद्दलही माझी हीच तक्रार आहे.

पूर पुन्हा येणार हे गृहीत धरून तळमजल्यावर न उचलता येण्याजोगी एकही वस्तू ठेवलेली नाही. कथ्थकच्या वर्गासाठी मागच्या चौकात लाकडी तक्तपोशी आहे, कारण फरशीवर सराव केला तर मुलींचे गुडघे आणि घोटे दुखावतात. ही तक्तपोशी सुट्या फळ्यांची असून काही तासांत उलगडून माळ्यावर नेता येते. विजेची बटणे आणि तारा पितळी पट्टीच्या वर आहेत. कपाटे नाहीत, भिंतीतले मूळचे कोनाडे आणि खुंट्याच वापरल्या जातात. नदी इशारा पातळीला पोहोचण्याआधीच वाद्ये वर हलवायची असा नियम आहे आणि कोणत्या वर्गाने काय उचलायचे याची यादी ओसरीत लावलेली असते. वाडा सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना लहानथोर सगळे अण्णा म्हणतात, पावसाळ्यापूर्वी मुलांकडून याची रंगीत तालीम करून घेतात. माझ्या मुलीकडे दोन हार्मोनियमची जबाबदारी आहे आणि तिला ती शाळेच्या परीक्षेइतकी महत्त्वाची वाटते.

या सगळ्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. सांगली, मिरज, वाई, सातारा येथे जे वाडे गेले ते बहुतेक पाऊस-पाण्याने गेले नाहीत. आधी ते रिकामे झाले आणि मग गेले. सामाईक मालकी, पुण्या-मुंबईला गेलेले हिस्सेदार, नाममात्र भाडे, कौले फेरण्याचाही न परवडणारा खर्च आणि शेवटी जागेच्या किमतीचा मोह, असा हा ठरलेला क्रम असतो. १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंना लागू होतो. यादीत नसलेल्या खाजगी वाड्याला त्याचे छत्र मिळत नाही. अशा वाड्यात रोज संध्याकाळी तीस-चाळीस माणसे येऊन बसत असतील तर गळणारे कौल त्याच आठवड्यात लक्षात येते, वाळवीची रेघ झाडणाऱ्या बाईंना दिसते आणि तुंबलेली पन्हळ कोणीतरी हात घालून मोकळी करते. कुलूप लावलेल्या वाड्यात हीच पन्हळ एका पावसाळ्यात भिंत पाडते.

आता प्रत्यक्ष वर्गांविषयी. दिवाणखाना वरच्या मजल्यावर आहे. छत कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचे, भिंती चुन्याच्या, एका बाजूला चौकाकडे उघडणाऱ्या बुटक्या महिरपी खिडक्या. या खोलीत आवाज घुमत नाही आणि विरतही नाही. दोन तानपुरे आणि एक गाणारा असेल तर शेवटच्या रांगेपर्यंत खर्ज स्वच्छ ऐकू येतो आणि ध्वनिवर्धकाची गरज पडत नाही. ज्यांनी सिमेंटच्या सभागृहांत कर्कश ध्वनिवर्धकांवर शास्त्रीय गाणे ऐकले आहे त्यांनी येथील एक बैठक अवश्य ऐकावी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्याने आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या संगीतसभेने मिरजेचा कान घडला आहे. त्या कानाला साजेशी खोली सांगलीत या वाड्याच्या रूपाने मिळाली. कडीपाटाच्या ताकदीचा अंदाज घेऊन बैठकीला किती माणसे बसवायची याची मर्यादा ठरवलेली आहे आणि ती कितीही मोठा गवई आला तरी ओलांडली जात नाही. एकदा मला स्वतःला जिन्यावरून परत फिरावे लागले. वाईट वाटले, पण नियम योग्य आहे.

वाद्यांच्या देखभालीसाठी मिरजेचे एक तंतुवाद्य कारागीर ठरलेल्या दिवशी येतात आणि ओसरीतच बैठक मांडतात. मिरजेत सतार-तानपुरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून अखंड चालू आहे आणि २०२४ मध्ये मिरजेची सतार व मिरजेचा तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. जवारी काढताना, म्हणजे तारा ज्यावरून जातात ती घोडी घासून नाद खुलवताना, मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल. कारागीर तार सैल करून घोडीचा पृष्ठभाग कानशीने अगदी हलकेच घासतात, तार पुन्हा चढवतात, छेडतात, ऐकतात, पुन्हा उतरवतात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेतात आणि एका क्षणी मघापर्यंत ठोकळ वाटणारा स्वर उलगडून त्याच्या पोटातले सगळे स्वर बोलू लागतात. मुले भोवती मांडी घालून बसलेली असतात. कोणालाही प्रश्न विचारता येतो आणि कारागीर चाचा हातातले काम न थांबवता उत्तर देतात. पावसाळ्याच्या दमट हवेत भोपळ्याचा सांधा कसा सुटतो हे त्यांनी एका तानपुऱ्यावर बोट ठेवून दाखवले होते; वाद्ये जमिनीवर न ठेवता माळ्यावर का टांगायची हे त्यानंतर मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. या सेवेसाठी बाहेरची माणसेही आपली वाद्ये आणू शकतात, फक्त आधी नाव नोंदवावे.

नाटकाचे काम पुढच्या चौकात चालते. ओसरी हाच रंगमंच, चौक आणि समोरची पडवी ही प्रेक्षकांची जागा. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते याच सांगलीत, आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. गोविंद बल्लाळ देवल येथून जवळच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. एवढी पुण्याई असलेल्या गावात हौशी नटांना तालमीसाठी परवडणारी जागा मिळू नये, ही परिस्थिती या वाड्याने काही अंशी बदलली आहे. तालमींना नाममात्र भाडे आहे, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांच्याकडून आठवड्यातून एक दिवस वाड्याची झाडलोट किंवा किरकोळ दुरुस्ती करून घेतात. ओसरीच्या रंगमंचाला विंग नाहीत. नट माजघराच्या दारातून येतात आणि जिन्याच्या दारातून जातात. त्यामुळे दिग्दर्शकांना आपल्या हालचाली या दोन दारांभोवती बसवाव्या लागतात. काही जण यावर नाराज असतात, पण मी येथे पाहिलेल्या प्रयोगांत या अडचणीतून चांगल्याच कल्पना सुचलेल्या दिसल्या. बसायला सतरंजी असते. ज्येष्ठांसाठी पडवीत बाके आहेत, ती थोडी आणखी असायला हवीत.

चित्रकलेच्या वर्गाबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. तो माजघरात भरतो. माजघर ही वाड्यातली सर्वांत अंधारी खोली आणि तिला बाहेरचा उजेड फक्त एका झरोक्यातून मिळतो. छताला लावलेल्या पांढऱ्या नळ्यांच्या प्रकाशात मुले जलरंग करतात, आणि तो कागद बाहेर आणला की रंग भलताच दिसतो. पावसाळ्यात कागद दमट होतो. भिंतीत खिळे ठोकायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, पण त्यामुळे प्रदर्शने दोऱ्यांवर टांगून भरवावी लागतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आपला चित्र-शिल्पसंग्रह त्यांनी राजवाड्याच्या दालनांत न ठेवता १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यासाठी मुद्दाम संग्रहालय उभारले. सातारा जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावातून आपण एवढे तरी घ्यायला हवे की चित्राला चित्रासाठी केलेली जागा लागते. न्यासाने जवळच्या एखाद्या शाळेचा उजेडाचा वर्ग संध्याकाळपुरता मागून घ्यावा आणि माजघर वाद्यांच्या दुरुस्तीला द्यावे, हे मी त्यांच्या बैठकीतही सुचवले आहे. सर्व कला एकाच छपराखाली असाव्यात हा आग्रह चांगल्या भावनेतून आला असला तरी मुलांच्या डोळ्यांना त्याची किंमत द्यावी लागते.

प्रवेशाची अडचणही गंभीर आहे. जोते उंच, उंबरे जाड, जिना अरुंद आणि खडा. चाकांच्या खुर्चीसाठी एक सुटी फळी आहे, पण तिचा उतार एवढा तीव्र आहे की मदतीला दोन माणसे लागतात, आणि वरच्या दिवाणखान्यात तर जाताच येत नाही. दिंडी दरवाजाच्या पायऱ्यांना धक्का न लावता परसदाराच्या बाजूने मंद उतार काढणे शक्य आहे. तिकडची जमीन मुळातच उंच आहे. हे काम न्यासाने व्हर्निशच्या आधी करायला हवे होते. स्वच्छतागृहे परसात स्वतंत्र बांधली आहेत, जुन्या भिंतींतून एकही नळ नेलेला नाही, हा निर्णय उत्तम; पावसात तिथवर जाताना भिजायला होते, त्यासाठी पत्र्याची साधी पडवी पुरेल.

लग्न-मुंजीसाठी वाडा भाड्याने दिला जात नाही. त्यातून सहज पैसे मिळाले असते, पण चौकात चुली पेटल्या आणि मांडवाचे दोर खांबांना आवळले गेले तर दुरुस्तीवर पाणी पडेल, हे कारण पटण्यासारखे आहे. खर्च चालतो तो वर्गांच्या शुल्कावर, बैठकींच्या तिकिटांवर आणि गावातल्या देणग्यांवर. हळदीच्या व्यापारातल्या काही मंडळींचा त्यात मोठा वाटा आहे. जमाखर्च दर तिमाहीला ओसरीतल्या फळ्यावर लावला जातो. शुल्क खाजगी शिकवण्यांपेक्षा कमी आहे आणि गावभागातील मुलांना आणखी सवलत मिळते. चौकशीसाठी दिलेला दूरध्वनी दुपारी कोणी उचलत नाही, म्हणून संध्याकाळी प्रत्यक्ष जाणेच बरे. अण्णा असले तर ते वाडा फिरवून दाखवतात, आणि नसले तर शेवटच्या वर्गापर्यंत थांबावे लागते.

नवीन वर्गांची नोंदणी दिवाळीनंतर सुरू होते. जून ते सप्टेंबर चौकातले प्रयोग बंद असतात आणि फक्त वरच्या मजल्यावरचे वर्ग चालतात, तेव्हा नाटकासाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी त्याप्रमाणे बेत करावा. मागच्या चौकाच्या उत्तरेकडील छपराची पन्हळ आणि त्याखालचे वासे या उन्हाळ्यात बदलायचे ठरले आहे आणि त्यासाठी जुन्या सागाची गरज आहे. घर पाडताना निघालेले चांगले वासे वा तुळया कोणाकडे पडून असतील तर त्या जळणात किंवा भंगारात देण्याआधी एकदा वाड्यावर विचारावे. न्यास त्याची रास्त किंमत देतो आणि गाडीही पाठवतो.